कुरुंद्यात सत्ता कुणाची

परका माणूस कुरुंद्यात येऊन "गाव कोणत्या पक्षाचं?" असं विचारू लागला, की आमच्याकडची माणसं आधी उलट विचारतात, "कशात?" ग्रामपंचायतीचं उत्तर एक असतं, सोसायटीचं दुसरं, टोकाई साखर कारखान्याच्या संचालक मंडळाचं तिसरं. जिल्हा परिषदेच्या कुरुंदा गटात ज्या पक्षाला मतं पडतात, त्यालाच वसमत विधानसभेत पडतील असं काही नाही. लोकसभेचं तर विचारूच नये. 1991 ला विलास गुंडेवार, 1996 ला शिवाजी माने, 1998 ला सूर्यकांता पाटील, 1999 ला पुन्हा माने, 2004 ला पुन्हा सूर्यकांताताई, 2009 ला सुभाष वानखेडे, 2014 ला राजीव सातव, 2019 ला हेमंत पाटील, 2024 ला नागेश पाटील आष्टीकर. तीस वर्षांहून जास्त काळ झाला, हिंगोली मतदारसंघानं एकाही खासदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेलं नाही. सातव निवडून आले तेव्हाचं मताधिक्य अवघं 1,632 होतं.

बाहेरची माणसं याला मतदारांचा चंचलपणा म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका होते, सासर कुरुंद्याचं, आणि शिक्षक म्हटला की निवडणुकीची ड्युटी आलीच. आदल्या दिवशी तहसीलच्या आवारात रांगेत उभं राहून साहित्य ताब्यात घ्यायचं: मतपेटी, मतपत्रिकांची पुडकी, बाणफुलीचे शिक्के, शाईची बाटली, लाख, सुतळी, मेणबत्ती, मतदारयाद्या. सगळं मोजून सही करायची आणि नेमून दिलेल्या गावी जायचं. रात्र शाळेच्या वर्गातच काढायची. पहाटे उठून पुठ्ठ्याचा मतदान कक्ष उभा करायचा, आतली मतपत्रिका बाहेरून दिसत नाही ना, हे स्वतः वाकून बघायचं. सात वाजायच्या आत दारात म्हाताऱ्या बायका येऊन उभ्या असायच्या. "बाई, कपबशी कुठं हाय वं?" असं एखादी हळूच विचारायची आणि मला गप्प राहावं लागायचं. ती कक्षात जाऊन बराच वेळ लावायची. बाहेर आली की तिच्या तोंडावरून काही कळायचं नाही. आपण काय केलं हे घरात कुणाला सांगायचं नाही, हे तिनं घरूनच ठरवून आणलेलं असायचं. अशा बाईला चंचल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गावातली सत्ता दोन वाटांनी बदलते. एक वाट मतपेटीतून जाते. दुसरी मुंबईहून निघालेल्या कायद्यातून, अध्यादेशातून आणि सोडतीतून येते. पहिल्या वाटेनं झालेला प्रत्येक बदल कुरुंद्यासारख्या गावांनी पचवला. भांडले, रुसले, वर्षभर बोलले नाहीत, पण पचवला. दुसऱ्या वाटेवर मात्र गावाला कुणी विचारत नाही. आमच्या भागाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास मी या दोन वाटांवर मांडून बघते, तेव्हा तो मला नीट दिसतो.

सुरुवात करायची तर मतपेटी नव्हतीच तिथून करावी लागेल. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, लहानपणीचं सांगायचे तेव्हा त्यांच्या तोंडी तालुका 'बसमत' आणि राज्य निजामाचं असायचं. जिल्हा परभणी. वरून येणारा कागद उर्दूत, साल फसली. गावात माली पाटील सारा गोळा करायचा, पोलीस पाटील गुन्ह्याची वर्दी द्यायचा आणि पटवारी दफ्तर सांभाळायचा. तिन्ही पदं घराण्यात चालत आलेली. पाटलाचा मुलगा पाटील. गावाचा कारभार कुणाकडे असावा हा प्रश्न गावकऱ्यांना विचारण्यासारखा आहे, हेच कुणाच्या मनात नव्हतं. मामा हे तक्रारीच्या सुरात सांगत नसत. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं सांगायचे. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

ते मोडायला लढा द्यावा लागला आणि तो आमच्या अगदी शिवारापर्यंत आला होता. वापटीच्या बहिर्जी शिंदे यांनी त्या लढ्यात प्राण दिले; वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटून गेल्यावर आम्ही स्वतंत्र झालो. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत परभणी लोकसभा मतदारसंघानं काँग्रेसला बाजूला ठेवून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून दिले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साडेतीन वर्षांपूर्वी ज्यांना सत्तेबद्दल बोलायचीही सोय नव्हती, त्यांनी हाती मत येताच पहिल्याच फेरीत राज्यकर्त्या पक्षाला नाकारलं. सत्ता बदलण्याची सवय आमच्या भागाला नव्वद सालानंतर लागली असं जे समजतात, त्यांनी हे साल ध्यानात ठेवावं.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. मधल्या काळात 1958 चा ग्रामपंचायत कायदा झाला. मग वसंतराव नाईकांच्या समितीनं 1961 च्या मार्चमध्ये अहवाल दिला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नाईक पुसदचे, पैनगंगेच्या पलीकडचे, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते आपलेच वाटायचे. या समितीनं केलेली एक गोष्ट देशात सगळीकडे झाली नाही: जिल्ह्याला खरी सत्ता दिली. शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी, शेतीच्या योजना, सगळं जिल्हा परिषदेकडे आलं. शिक्षक जिल्हा परिषदेचे झाले. पोलीस पाटलाचं वंशपरंपरेचं पद 1967 च्या कायद्यानं संपलं आणि नेमणुकीचं झालं. मामा म्हणायचे, पाटील तोच राहिला, पण आता त्याला कागद दाखवावा लागतो. हा फरक लहान नाही.

त्यानंतरची तीस वर्षं काँग्रेसची. ती मी भरभर सांगते, कारण त्यांत पक्ष बदलण्यासारखं फार घडलं नाही, गट बदलले. येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचं पाणी कालव्यातून वसमत तालुक्यात आलं, ऊस आला, केळी आली, हळदीचं रान वाढलं. आज वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या मुळाशी हे पाणी आहे. पाण्यामागं सहकार आला. सोसायटीचं कर्ज, कारखान्याची तोड आणि पंचायत समितीची विहीर ज्या माणसाच्या शब्दावर मिळायची, त्याच्याच पक्षाला गाव मत द्यायचं. याला मी लाचारी म्हणणार नाही. ज्याच्या घरात पेरायला बी नाही, त्यानं बी देणाऱ्याचं ऐकलं, तर त्यात त्याचा दोष किती?

पण त्याच काळात एक गोष्ट घडली आणि ती आता कुणाला आठवत नाही. जिल्हा परिषदांच्या निवडणुका 1962, 1967, 1972 अशा पाच पाच वर्षांनी झाल्या. चौथी 1979 ला झाली. पाचवी झाली 1992 ला. मध्ये तेरा वर्षं! मुदती वाढत गेल्या, आणि अखेर प्रशासक बसले. परभणी जिल्ह्यात ज्या मुलांना 1979 ला मत नव्हतं, ती मतदान करायला गेली तेव्हा त्यांची स्वतःची मुलं शाळेत होती. त्या तेरा वर्षांच्या आगेमागे बाहेर काय काय बदललं बघा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होईपर्यंत ती जखम भळभळत होती. मधल्या काळात शिवसेना मराठवाड्यात आली. 1988 ला औरंगाबाद महापालिकेत तिनं मुसंडी मारली आणि तिथून ती बसस्टँडवरच्या पाट्यांमधून गावागावांत पोचली. ज्यांच्या बापाला कारखान्याचा संचालक ओळखत नव्हता अशी पोरं त्या पाट्या रंगवत होती. काँग्रेसच्या घराण्यांना ती दिसलीच नाहीत. दिसणार कशी? जिल्ह्यात तेरा वर्षं निवडणूकच नव्हती, त्यामुळे गावात काय शिजतंय हे मोजायची सोय नव्हती. 1991 ला लोकसभेत गुंडेवार शिवसेनेकडून निवडून आले तेव्हा पुढारी चकित झाले. 1995 ला युतीचं सरकार आलं आणि वसमतचे जयप्रकाश मुंदडा त्यात मंत्री झाले. हा पालट एका रात्रीत झाल्यासारखा वाटला, तो फक्त वर बसलेल्यांना.

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, ती असल्या खंडांवरच इलाज म्हणून. पंचायतीची मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत पुढची निवडणूक, आणि ती घ्यायला सरकारपासून वेगळा राज्य निवडणूक आयोग. महाराष्ट्रात आयोग 1994 ला आला. त्याच दुरुस्तीनं राखीव जागा आणल्या: अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येप्रमाणे, स्त्रियांना एक तृतीयांश, ओबीसींचं आरक्षण राज्याच्या कायद्यातून आलं. 2011 ला महाराष्ट्रानं स्त्रियांचा वाटा निम्मा केला. सरपंचपदही फिरत्या आरक्षणात आलं.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. आरक्षणाबद्दल तेव्हा गावांत जे बोललं गेलं ते मी शिक्षकांच्या खोलीत बसून ऐकलेलं आहे. बायकांना काय कळतं, नवराच कारभार करणार, सही तेवढी तिची. पहिल्या खेपेला बहुतेक ठिकाणी तसंच झालं, हे खोटं नाही. सभेला नवरा खुर्चीवर आणि सरपंचबाई दाराआड. पण माझ्या शाळेच्या एका गावात पहिल्या महिला सरपंचांनी दुसऱ्या वर्षी मला घरी बोलावून घेतलं. "बाई, ह्यो ठराव मला वाचून दाखवा, सही करायच्या आधी," म्हणाल्या. मी वाचला. मग त्यांनी प्रोसिडिंग बुक स्वतःच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. घरातून कुरकुर झाली, ग्रामसेवकाची अडचण झाली, पण बुक पिशवीतच राहिलं. त्यांना पुढं कुणी तिकीट दिलं नाही. त्यांची सून मात्र नंतर स्वतःच्या हिमतीवर निवडून आली. माझ्या मते आमच्या भागात सत्ता सगळ्यात जास्त बदलली ती इथं. झेंडे बदलल्याची बातमी होते, पिशवीतल्या बुकाची होत नाही.

आणि म्हणूनच 'बिनविरोध' या गोष्टीचं मला कधी कौतुक वाटलं नाही. गावानं एकत्र बसून ठरवलं म्हणतात. कोण बसलं होतं? पारावर बसणाऱ्यांत वस्तीवरची माणसं किती, बायका किती? जानेवारी 2021 च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचे जाहीर लिलाव झाले. आयोगानं त्या दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली, ते योग्यच केलं. ज्या गावात दोन पॅनल उभी राहतात, भिंती रंगतात, घरात भाऊ-भाऊ वेगळे होतात, त्या गावात निदान वस्तीवरच्या बाईच्या दारात कुणीतरी हात जोडून येतं. पाच वर्षांत एकदा का होईना, तिच्या दाराची पायरी चढावी लागते.

1 मे 1999 ला परभणी तोडून हिंगोली जिल्हा झाला. कुरुंद्याचा माणूस जिल्हा परिषदेच्या कामाला परभणीला जायचा, तो हिंगोलीला जाऊ लागला. नव्या जिल्हा परिषदेत 52 गट. कुरुंदा त्यातला एक. एका गटात पंचायत समितीचे दोन गण. आम्हा शिक्षकांसाठी जिल्हा परिषदेची सत्ता म्हणजे मे महिना. बदल्या मे महिन्यात व्हायच्या. अध्यक्ष कुणाचा, शिक्षण सभापती कुणाचा, यावर घराजवळची शाळा की जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, हे ठरायचं. पक्ष बदलला की ज्यांची सोय झाली होती त्यांची गैरसोय व्हायची. मीही एकदा त्या फेऱ्यात सापडले. दोन लहान मुलं घेऊन तालुक्याच्या पार कडेच्या शाळेत काही वर्षं काढली. राग आला होता. तरी तेव्हाही मला एवढं कळत होतं की ज्यानं हे केलं त्याचं तोंड मला माहीत आहे आणि पाच वर्षांनी त्याला माझ्या गल्लीत यायचं आहे.

2017 ची निवडणूक 16 फेब्रुवारीला झाली, मतमोजणी 23 ला. 52 पैकी शिवसेना 15, काँग्रेस 12, राष्ट्रवादी 12, भाजप 10, इतर 3. बहुमताला 27 लागत होते. एकाचंही राज्य नाही, सगळ्यांनाच एकमेकांच्या दारात जाणं भाग. अध्यक्षपद शिवसेनेला मिळालं. त्याच मार्चमध्ये औरंगाबादला भाजपचे सदस्य सगळ्यात जास्त असताना शिवसेनेनं काँग्रेसला बरोबर घेऊन अध्यक्ष केला. जालन्यातही शिवसेनेचा अध्यक्ष दोन्ही काँग्रेसच्या मदतीनं झाला. नोव्हेंबर 2019 मध्ये हेच तीन पक्ष मुंबईत एकत्र बसले तेव्हा टीव्हीवर सगळे थक्क झाले होते. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांनी ते अडीच वर्षं आधीच करून दाखवलं होतं. राज्याचं राजकारण गावात उतरतं असं आपण म्हणतो. कधी कधी ते गावातून वर चढतं.

मतमोजणीनंतर चौथ्या दिवशी, 27 फेब्रुवारी 2017 ला, शासनानं शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन करण्याचा निर्णय काढला. आम्ही शिक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला. नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांच्या हातातली सगळ्यात मोठी दोरी मात्र खुर्चीवर बसण्याआधीच गेली होती. निधीचं आधीच गेलं होतं: 2015 पासून चौदाव्या वित्त आयोगाचे पैसे थेट ग्रामपंचायतीला जात होते, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा शून्य. पंधराव्या आयोगानं दोघींना दहा-दहा टक्के परत दिले, पण अट घातली की तिथं निवडून आलेली मंडळी हवीत.

ग्रामपंचायतीतही वरून ओढाताण चालूच होती. लोकसंख्या साडेसात हजारांवर गेली की 17 सदस्य, आणि पूर्वी सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. नऊ माथी ज्याच्याकडे, त्याचा सरपंच. निवडीआधी सदस्यांना सहलीला न्यायचं, मोबाईल काढून घ्यायचे, थेट सभेच्या दारात गाडीतून उतरवायचं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. 2017 ला युती सरकारनं थेट जनतेतून सरपंच आणला. 2020 ला महाविकास आघाडीनं ते रद्द केलं आणि पुन्हा सदस्यांतून सुरू केलं; शिवाय त्या खेपेला आरक्षणाची सोडत निवडणुकीनंतर ठेवली. सरपंचपद कुणासाठी राखीव आहे हे ठाऊक नसतानाच लोकांनी मतं दिली. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींचं मतदान ठरलं होतं, ते या पद्धतीनं. आणि जुलै 2022 ला पुन्हा थेट सरपंच. पाच वर्षांत तीनदा नियम फिरला. प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचं सांगितलं गेलं. थेट निवडीला माझा विरोध नाही. सहली थांबल्या हे चांगलंच झालं. पण सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य दुसऱ्याचे, अशी गावं त्यातून तयार झाली. तिथं पाच वर्षं एक ठराव धड होत नाही. नियम कोणताही ठेवा, पण निदान दोन निवडणुका तरी तो टिकू द्या, एवढंच गावाचं म्हणणं होतं. ते ऐकून घ्यायला कुणी आलं नाही.

आता त्या जुलै महिन्याकडे येते. मार्च 2022 मध्ये हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि गटांच्या संख्येचा वाद न्यायालयात, निवडणूक नाही, म्हणून प्रशासक बसला. पंचायत समितीतही प्रशासक. जूनच्या उत्तरार्धात शिवसेना फुटली. 30 जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. 4 जुलैला विश्वासदर्शक ठराव, आणि कळमनुरीचे आमदार संतोष बांगर, जे शिंद्यांच्या विरोधात अश्रू ढाळत होते, ते त्याच सकाळी शिंद्यांच्या बाजूला जाऊन बसले. आमच्या जिल्ह्यात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. वसमतचे आमदार राजू नवघरे राष्ट्रवादीचे, म्हणजे ते एका रात्रीत सत्तेतून विरोधात गेले होते.

आणि 8 जुलैच्या रात्री पाऊस लागला तो थांबेचना. 9 तारखेला उजाडता उजाडता नदी कुरुंद्यात शिरली. घरांत पाणी, दुकानांत पाणी, धान्याच्या कोठ्यांत पाणी. पोतीच्या पोती भिजली, शिजवलेली वाळत घातलेली हळद काय आणि घरातला गहू काय, सारखंच. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना उंचावर हलवायची धावपळ. नव्या मुख्यमंत्र्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना फोन करून लोकांना सुरक्षित ठिकाणी हलवायला सांगितलं, ती बातमी राज्यभर झाली आणि कुरुंद्याचं नाव पहिल्यांदाच टीव्हीच्या पट्टीवर धावलं. प्रशासन आलं, पंचनामे झाले. अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं मी म्हणणार नाही.

पण पाणी ओसरल्यावर जे प्रश्न पडतात ते एका दिवसाचे नसतात. नदीचं पात्र कुणी अडवलं, पुलाचा गाळा पुरेसा आहे का, नाल्याच्या सफाईचे पैसे कुठल्या लेखाशीर्षात होते, शाळेच्या भिजलेल्या खोल्यांचं काय, पुढच्या पावसाआधी काय करणार? हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारायचे असतात. विचारणारा कुरुंदा गटाचा सदस्य असतो. तो कोणत्या पक्षाचा हे त्या दिवशी गौण असतं. विरोधातला असेल तर उलट जास्त जोरात विचारतो, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं लागतं. त्या जुलैत कुरुंद्याला सदस्यच नव्हता. सभा नव्हती. इतिवृत्त नव्हतं. पाच दिवसांनी, 14 जुलैला, मंत्रिमंडळानं थेट सरपंच निवडीचा निर्णय जाहीर केला. गावात अजून चिखल उपसणं चालू होतं.

तेव्हापासून कुरुंद्यानं पक्ष बदलताना खूप पाहिले. 2 जुलै 2023 ला राष्ट्रवादी फुटली. एकेका घरात दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी झाल्या. 2024 च्या विधानसभेला वसमतमध्ये घड्याळाकडून नवघरे आणि तुतारीकडून जयप्रकाश दांडेगावकर समोरासमोर उभे राहिले. ज्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं दोघांचीही एकाच चिन्हावर कामं केली होती, ते भाऊबंदकीच्या वाटणीसारखे विभागले गेले. नवघरे निवडून आले. लोकसभेला त्याच वर्षी ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे आष्टीकर. गावानं एका वर्षात दोन वेगळे कौल दिले आणि दोन्ही वेळा नीट विचार करून दिले. हा हक्क त्यांचा आहे. मला त्यात काळजीचं काही दिसत नाही.

काळजी वाटते ती न झालेल्या निवडणुकीची. 1979 ते 1992 च्या खंडानंतर घटना बदलली, आयोग नेमला, पाच वर्षांची मुदत कलमात लिहिली, आणि तरी पुन्हा तेच झालं. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं. ते चार महिने गेले. सप्टेंबरमध्ये मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवून मिळाली. पंधराव्या वित्त आयोगाचा जिल्हा परिषद-पंचायत समितीचा वाटा सदस्य नाहीत म्हणून अडकला. जिल्ह्याचा कारभार एक अधिकारी चालवतो. तो चांगला असेल, असतोही. पण त्याची बदली झाली की त्यानं दिलेला शब्द त्याच्याबरोबर जातो.

फेब्रुवारी 2017 च्या जिल्हा परिषद निवडणुकीची मतदारयादी 1 जानेवारी 2017 ला अठरा पूर्ण झालेल्यांची होती. म्हणजे 1 जानेवारी 1999 पर्यंत जन्मलेल्यांची. हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 ला. हिशेब करून बघा: या जिल्ह्यात, जिल्हा झाल्यानंतर जन्मलेल्या एकाही मुलानं किंवा मुलीनं, मी हे लिहीपर्यंत, आपल्या जिल्हा परिषदेसाठी मत दिलेलं नाही. त्यांच्यातले काही आता दोन लेकरांचे आईबाप आहेत. माझ्या हाताखाली ते पहिलीत बसलेले आहेत. लोकसभेचं मत त्यांनी दिलंय, विधानसभेचं दिलंय. ज्या संस्थेनं त्यांची शाळा चालवली, ज्या संस्थेच्या दवाखान्यात त्यांना लस टोचली, तिच्यावर कोण बसावं हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

त्यांच्यातला एखादा बाजारात भेटतो, "बाई, यंदा गटाची होणार म्हणतात, कुणाला द्यायचं?" असं विचारतो. चिन्ह मी तेव्हाही सांगितलं नाही, आताही सांगत नाही. मतदारयादी निघाली की नाव बघून ये म्हणते, बायकोचंही बघ, सासरच्या यादीत आलंय का ते. आणि उमेदवार दारात आला की त्याला तीन गोष्टी विचार: नदीच्या पात्राचं काय केलंस, शाळेच्या खोल्या कधी, आणि सर्वसाधारण सभेत पहिल्या वर्षी कोणता प्रश्न लेखी टाकणार. तिसऱ्याचं उत्तर त्याच्याकडून कागदावर घे.